हिमालयाच्या हवेचे दप्तर

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात, टाळेबंदीने कारखान्यांची धुराडी, रस्त्यांवरील वाहने आणि आकाशातील विमाने एकाच वेळी थांबवली असताना, पंजाबातील जालंधरच्या रहिवाशांना घराच्या गच्चीवरून धौलाधारची हिमाच्छादित रांग दिसू लागली. आणि दोनशे किलोमीटरांच्या आसपास दूर असलेली ती शिखरे कित्येक वर्षांत आपल्या दृष्टीस पडली नव्हती, असे तेथील लोकांनी मोठ्या कौतुकाने सांगितले. त्या छायाचित्रांनी देशभर जो आनंद उसळला तो स्वाभाविकच होता. परंतु त्या आनंदाच्या भरात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. जो पडदा त्या काही आठवड्यांत विरला, तो मुळात होता कोठे? जमिनीला लगटून होता, दोन-तीन किलोमीटरांवर तरंगत होता, की पर्वताच्या उतारावर चढून बसला होता? उत्तर भारतावरील सूक्ष्मकणांचे प्रमाण वीस वर्षांतील नीचांकाला पोहोचल्याचे उपग्रहांनी सांगितले खरे. तथापि खांबभर हवेची बेरीज हाती आली म्हणून तिच्या कोणत्या थरात काय दडले होते, याचा उलगडा होत नाही.

हा उलगडा करण्याची शक्ती ज्या यंत्रात आहे त्यास लिडार म्हणतात. आणि हे यंत्र हिमालयाच्या पायथ्यापासून हिमरेषेपर्यंत निरनिराळ्या उंचीवर, बारा महिने, निदान तीस वर्षे, एकाच शिस्तीने चालत राहील अशी कायमची व्यवस्था आपल्या सरकारने केली पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखात मला सांगावयाचे आहे. मागणी लहान आहे. तिच्या आड येणारी अडचण विज्ञानाची कमी आणि कारभाराची अधिक आहे. आणि कारभाराच्या अडचणी विज्ञानाच्या अडचणींहून पुष्कळच चिवट असतात, हा आपल्या देशातील कोणत्याही प्रयोगशाळेत चार वर्षे काढलेल्या माणसाचा अनुभव आहे.

हवेविषयीचे आपले सार्वजनिक बोलणे अलीकडे एका आकड्यापाशी येऊन थांबले आहे. २०१५ साली राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक अस्तित्वात आला, २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची घोषणा झाली, शहरोशहरी मापनकेंद्रे उभी राहिली, आणि आज पुण्या-मुंबईचा नागरिकही सकाळच्या चहाबरोबर आपल्या प्रभागाचा निर्देशांक पाहतो. नागरिकाच्या नाकाशी जी हवा येते ती प्रथम मोजावी, हा क्रम योग्यच आहे. परंतु ही केंद्रे जमिनीपासून काही मीटरांवरील हवा ओढून घेतात. तिच्या डोक्यावर दहा-पंधरा किलोमीटर उंचीचे जे वातावरण उभे आहे त्याचा त्यांना पत्ताही नसतो. सूर्याची उष्णता वाटेतच गिळणारा काजळीचा थर तीन किलोमीटरांवर पसरलेला असला, तर खालचा आकडा बिनदिक्कत ‘समाधानकारक’ असे सांगेल, आणि वर मात्र ढगांची घडण, वाऱ्याचा ओघ नि हिमाचा रंग निमूटपणे बदलत राहील. शहराच्या आरोग्यखात्याला हे अज्ञान एक वेळ परवडेल. ज्या देशाची शेती मोसमी पावसावर आणि ज्याच्या उत्तरेकडील नद्या हिमावर अवलंबून आहेत, त्याला ते परवडणारे नाही.

लिडारची रचना कल्पनेला फारसा ताण देत नाही. कौलाच्या फटीतून अंधाऱ्या माजघरात कवडसा उतरला म्हणजे एरवी अदृश्य असलेली धूळ जशी त्या उजेडात तरंगताना दिसू लागते, त्याच न्यायाने हे यंत्र चालते; मात्र येथे कवडसा खालून वर सोडलेला असतो, आणि तो लेसरच्या अत्यंत अल्पजीवी स्पंदांचा बनलेला असतो. वर जाणाऱ्या प्रत्येक स्पंदातील अगदी अल्पसा अंश हवेतील रेणूंवर आणि कणांवर आपटून माघारी फिरतो, आणि शेजारी उभी असलेली दुर्बीण तो गोळा करते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असल्यामुळे दहा किलोमीटर उंचीवरून परत येण्यास त्याला सेकंदाचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील सुमारे सदुसष्टच भाग पुरतात. आणि त्या एका भागाचाही दहावा हिस्सा मोजणारी विद्युत्साधने आज सहज उपलब्ध असल्यामुळे, पंधरा-पंधरा मीटर जाडीचे थर सुटे करून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र मांडता येतो.

परत आलेला प्रकाश केवळ किती आला एवढेच सांगत नाही, तो कोणाकडून आला हेही सांगतो. प्रकाशलहरींचे कंपन एकाच प्रतलात ठेवून स्पंद पाठवला आणि समोर पाण्याचे गोल थेंब किंवा ओलसर धूर असला, तर परतणारा प्रकाश तेच प्रतल बहुतांशी राखतो. उलट वाळवंटातील धुळीचे वेडेवाकडे, कोनेदार कण ते विस्कटून टाकतात. म्हणजे नैनीतालवरून जाणारा करडा थर थारच्या वाळवंटातला, की तराईतील शेतात जाळलेल्या पिकाच्या अवशेषांचा, याचा निवाडा जमिनीवर बसून करता येतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन प्रकाश एकाच वेळी वापरले की त्यांच्या परताव्यातील तफावतीवरून कण बारीक की जाडे हे ताडता येते.

यंत्राची वकिली करावयाची म्हणून त्याचे दोष झाकून ठेवणे बरे नव्हे. साध्या लिडारला मिळणाऱ्या संकेतात दोन अज्ञाते एकमेकांत गुंतलेली असतात: कण किती प्रकाश मागे फेकतात, आणि वाटेत किती प्रकाश खर्ची पडतो. या दोहोंचे गुणोत्तर गृहीत धरल्यावाचून गणित सुटत नाही. १९८१ साली क्लेट यांनी आणि १९८४ साली फर्नाल्ड यांनी ते सोडवण्याच्या ज्या रीती दिल्या त्या आजही जगभर वापरात आहेत. परंतु धूळ, काजळी, समुद्रातील मीठ यांचे गुणोत्तर भिन्न असल्याने गृहीत चुकले की उत्तर चुकते. नायट्रोजनच्या रेणूंनी रंग बदलून परत पाठवलेला प्रकाश वेगळा मोजणारे रामन लिडार या पेचातून सुटका करते. ते महाग आहे, आणि त्या परिणामाला ज्यांचे नाव आहे ते शास्त्रज्ञ आपलेच असले तरी त्यामुळे किमतीत सूट मिळत नाही. शिवाय दुर्बिणीची नजर आणि लेसरचा झोत यांची गाठ काही उंचीवर पडत असल्यामुळे जमिनीलगतचे पहिले काहीशे मीटर पुष्कळ लिडारना नीट दिसत नाहीत, आणि दाट ढगापलीकडे तर कोणालाच दिसत नाही.

या विद्येचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट स्पष्ट होते: तिला नाव मिळाले ते नव्या यंत्रांमुळे, पण तिला अर्थ मिळाला तो जुन्या नोंदींमुळे. १९६० साली मेमन यांनी माणकाचा पहिला लेसर प्रज्वलित केला, आणि तीनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जॉर्जिओ फिओको आणि लुई स्मलिन यांनी तो आकाशाकडे रोखून फार उंचावरून येणारे प्रतिध्वनी टिपले. पाठोपाठ फिओको आणि ग्रॅम्स यांनी वीस किलोमीटरांच्या आसपासचा कणांचा थर लिडारने पाहिला. हा सगळा पराक्रम थोड्या महिन्यांचा. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर, सुमारे ३४०० मीटरांवर, १९७४ साली लिडार बसले, त्याची कहाणी मात्र निराळी आहे. तेथे कोणी काही शोधून काढण्याच्या घाईत नव्हते; वर्षानुवर्षे रात्री झोत वर सोडावा आणि नोंद लिहून ठेवावी, एवढेच काम होते. १९८२ साली मेक्सिकोतील एल चिचोन, आणि १५ जून १९९१ रोजी फिलिपाइन्समधील पिनातुबो हे ज्वालामुखी फुटले तेव्हा त्या कंटाळवाण्या कामाची किंमत जगाला कळली. कारण स्फोटापूर्वीची निर्मळ हवा कशी होती याचा दाखला असल्यावाचून स्फोटानंतरची हवा किती बिघडली हे सांगता येत नाही. पिनातुबोच्या गंधकयुक्त कणांनी पृथ्वीचे सरासरी तापमान पुढील वर्षात सुमारे अर्ध्या अंशाने उतरवले, आणि ते कण किती उंचीवर, किती काळ टिकले याचा पुरावा लिडारच्या दप्तरांनी दिला. दैवदुर्विलास असा की ज्वालामुखींवर पाळत ठेवणाऱ्या या वेधशाळेचा रस्ता आणि वीज २०२२ च्या नोव्हेंबरात तिच्याच पायाखालच्या ज्वालामुखीने तोडली.

आपण या विद्येत मागाहून आलो असे समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत, पाषाणच्या परिसरात, १९८६ साली आर्गॉन-आयन लेसरचे लिडार सुरू झाले. त्याचा झोत स्पंदांचा नसून अखंड असल्यामुळे उंची वेळेवरून काढता येत नसे. म्हणून लेसर एका जागी आणि दुर्बीण काही अंतरावर ठेवून, दोघांच्या कोनांवरून उंचीचे गणित मांडले जाई. सूर्यास्तानंतर चालणाऱ्या त्या यंत्रावर देवरा आणि अर्नेस्ट राज या शास्त्रज्ञांनी दहा वर्षांहून अधिक काळ पुण्याच्या हवेच्या नोंदी केल्या, आणि शहर वाढत असताना त्याच्यावरील कणांचा भार ऋतूनुसार आणि वर्षानुसार कसा पालटला याचे चित्र त्यांतून तयार झाले. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने पिनातुबोचा थर हळूहळू विरताना आपल्या लिडारने पाहिला. आंध्रातील गादंकी येथे १९९८ पासून जपानच्या सहकार्याने उभे राहिलेले लिडार आहे. म्हणजे बुद्धी आहे, हात आहेत, यंत्रेही आहेत. उणीव कसली, ते पाहण्यासाठी हिमालयात जावे लागेल.

नैनीतालजवळच्या मनोरा शिखरावरील वेधशाळेचा पूर्वेतिहास या संदर्भात मोठा बोधक आहे. उत्तर प्रदेश सरकारची ही वेधशाळा १९५४ साली वाराणसीत स्थापन झाली, दुसऱ्याच वर्षी नैनीतालला गेली आणि १९६१ पासून सुमारे १९५० मीटर उंचीच्या या शिखरावर स्थिरावली. २००४ साली ती आर्यभट्टांच्या नावाची केंद्रीय संस्था झाली. गंगेच्या मैदानातील धूळ आणि धुके टाळून तारे पाहावेत म्हणून ज्योतिर्विद जेथे चढून गेले, तेथेच आता त्या धुळीचा अभ्यास करणारे येऊन बसले आहेत. जागा दोघांनाही सोयीची आहे. हिवाळ्याच्या रात्री मैदानावरील गढूळ हवा जड होऊन खाली बसते आणि शिखर तिच्या वर स्वच्छ आकाशात उभे राहते. दुपारी उतारावरून वर चढणारा दरीचा वारा तीच हवा शिखरापर्यंत आणून पोहोचवतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत, तापलेल्या जमिनीवरील हवा कित्येक किलोमीटरांपर्यंत उसळत असताना, शिखर संपूर्णपणे त्या धुळीत बुडून जाते. आता शिखरावर केवळ हवा ओढून घेणारे यंत्र ठेवले तर दुपारी आकडा चढला एवढेच समजेल. चढलेली हवा शे-दोनशे मीटरांची पातळ साय आहे की पाच किलोमीटरांचा भरीव थर आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. नेपाळात एव्हरेस्टच्या पायथ्याशी ५०७९ मीटरांवर इटालियन शास्त्रज्ञांनी उभारलेल्या ‘पिरॅमिड’ प्रयोगशाळेजवळ २००६ पासून झालेल्या मापनांनी दाखवून दिले की पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत दुपारचा वारा मैदानातील काजळी थेट हिमनद्यांच्या तोंडाशी नेऊन टाकतो. हा रोजचा चढ-उतार टिपण्यासाठी रात्रंदिवस वर पाहणारा डोळा हवा.

असा डोळा नैनीतालला एकदा लाभला होता. जून २०११ ते मार्च २०१२ या काळात अमेरिकेच्या ऊर्जाखात्याचे फिरते वेधपथक, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, इस्रो आणि स्थानिक वेधशाळा यांनी मिळून गंगाखोऱ्याचा एरोसॉल, म्हणजे हवेतील सूक्ष्मकणांचा, प्रयोग मनोरा शिखरावर केला. लिडार, रडार, फुगे, सारा सरंजाम तेथे जमला. मुदत संपली आणि पथक सरंजाम घेऊन परतले. त्याच्या नोंदी आजही अमेरिकी दप्तरखान्यातून कोणाही विद्यार्थ्याला विनामूल्य मिळतात, आणि त्यावर अभ्यास होत असतात, ही त्या दप्तरखान्याची थोरवी. पण आपल्या पर्वतावरील हवेचा दहा महिन्यांचा ताळेबंद पाहण्यास आपल्याच विद्यार्थ्याला समुद्रापलीकडचा दरवाजा ठोठावावा लागावा, आणि त्या दहा महिन्यांच्या अलीकडचे व पलीकडचे पान त्याच तोलाचे नसावे, हे मला काही केल्या पटत नाही.

याने बिघडते काय, असे कोणी विचारील. मोसमी पावसाचेच उदाहरण घेऊ. २००५ साली रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की दक्षिण आशियावरील तपकिरी धुरके जमिनीवर आणि समुद्रावर पोहोचणारा सूर्यप्रकाश रोखते, त्यामुळे बाष्पीभवन मंदावते आणि दीर्घकाळात पाऊस क्षीण होतो. पुढच्याच वर्षी विल्यम लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ उलटे मत दिले: हिमालयाच्या दक्षिण उतारावर वसंतात साचणारी धूळ आणि काजळी वरची हवा तापवते, ती तापलेली हवा वर उठते, आणि खालून समुद्राकडची ओलसर हवा खेचून घेऊन मे-जूनच्या सुमारास पावसाला उलट जोर चढवते. २०१० साली निगम आणि बोलासिना यांनी या दुसऱ्या उपपत्तीवर निरीक्षणांच्या आधारे कडक आक्षेप घेतले. या वादात कोण खरा, हे ठरवणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे. परंतु वादाची मेख कोठे आहे हे सामान्य वाचकालाही दिसू शकेल. काजळी एक किलोमीटरवर आहे की चार किलोमीटरांवर, ढगाच्या खाली आहे की वर, आणि एप्रिलपासून जूनपर्यंत तिची उंची कशी सरकते, यावर सारा निकाल टांगलेला आहे. तीच काजळी काळ्या समुद्रावर तरंगली तर एक परिणाम, शुभ्र हिमावर किंवा ढगावर तरंगली तर दुसरा. २००६ च्या उन्हाळ्यात इस्रोच्या पुढाकाराने झालेल्या मोहिमेत विमानात लिडार बसवून पाहिले असता भारतावरील हवेत जमिनीपासून सुटे, उंचावर तरंगणारे कणांचे थर आढळले होते. विमान मात्र रोज उडत नाही. आणि वीस वर्षांची जी मालिका हा वाद मिटवू शकली असती, ती कोणी ठेवली नाही.

मापनाचा आधार तुटपुंजा असला म्हणजे काय होते, याचे आणखी दोन दाखले आपल्या स्मरणात असावयास हवेत. १९९९ च्या हिंदी महासागर प्रयोगानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००२ साली ‘आशियाई तपकिरी ढगा’चा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा जगभर असा बोभाटा झाला की जणू आशियाखंडावर बारमाही विषारी छत्रच धरले आहे. त्यावर जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी ‘करंट सायन्स’ पाक्षिकात जे परखड उत्तर लिहिले ते आजही वाचनीय आहे. धुरके हे ठरावीक ऋतूत येते आणि पावसाळ्यात धुऊन निघते, शिवाय अशी धुरकी केवळ आशियाचीच मिरास नाही, हे त्यांनी स्वच्छपणे मांडले आणि संगणकीय प्रतिकृतींच्या भरवशावर काढलेल्या निष्कर्षांचे पाय मातीचे असल्याचे दाखवले. उत्तर चोख होते. पण आपल्या बाजूला हिमालयातील दोन-तीन ठिकाणच्या पंधरा वर्षांच्या उभ्या छेदांच्या नोंदी असत्या, तर ते उत्तर चोखच नव्हे तर निर्णायक ठरले असते. दुसरा दाखला २०३५ सालचा. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे एक निराधार विधान हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात शिरले आणि २०१० च्या जानेवारीत ते मागे घ्यावे लागले. त्याचा फायदा उठवून, हिमालयात काहीच घडत नाही असे म्हणणाऱ्यांचे चांगलेच फावले. वस्तुतः २०१९ च्या हिंदुकुश-हिमालय मूल्यमापनाने सांगितले आहे की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर तेथील एकतृतीयांश हिम जाईल. हिमालयाविषयी मोठ्याने बोलणारे पुष्कळ आहेत, त्याच्यावर बसून मोजणारे थोडे आहेत. आणि जोवर हे प्रमाण असेच राहील तोवर अतिशयोक्ती आणि नकार या दोहोंच्या ओढाताणीत आपण सापडणार.

आता उपग्रहांचा आक्षेप. अवकाशातून सगळे दिसत असताना डोंगरावर माणसे कशाला गारठवायची, असे विचारणारे चतुर लोक अर्थखात्यात नेहमीच असतात. २८ एप्रिल २००६ रोजी उडालेल्या कॅलिप्सो या अमेरिकी-फ्रेंच उपग्रहाने लिडारच्या साहाय्याने सतरा वर्षे पृथ्वीच्या वातावरणाचे उभे छेद घेतले, आणि त्याचे ऋण मानावे तेवढे थोडेच आहे. पावसाळ्यात भारत आणि तिबेटवर तेरा ते अठरा किलोमीटरांच्या दरम्यान कणांचा एक विस्तीर्ण थर तयार होतो, हे २०११ साली व्हर्निए आणि सहकाऱ्यांनी त्याच्याच नोंदींतून उघडकीस आणले. मोसमी मेघांकडून खालची मलिन हवा किती उंच फेकली जाते याची तोवर फारशी कल्पना नव्हती. पुढे इस्रो आणि नासा यांनी फुग्यांच्या, आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी २०१७ साली काठमांडूहून विमानाच्या मोहिमा काढल्या, तेव्हा त्या थरात अमोनियम नायट्रेट सापडले. शेतीतून आणि गुराढोरांपासून निघणारा अमोनिया सोळा किलोमीटरांवर जाऊन बसतो, ही गोष्ट एकदा शांतपणे विचारात घेण्यासारखी आहे. परंतु कॅलिप्सोचा झोत जमिनीवर पडे तो जेमतेम शंभर मीटर रुंदीचा, तो त्याच वाटेने परत येई सोळा दिवसांनी, आणि येई तो दुपारी दीडच्या नि रात्री दीडच्या सुमारास. दरीतील वारा सकाळी नऊला कसा जागा होतो आणि संध्याकाळी कसा उतरतो, हे त्याला कसे कळावे? आणि मुख्य म्हणजे २०२३ च्या ऑगस्टात तो थांबला. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपान यांनी अर्थकेअर उपग्रह सोडला असून त्याचे लिडार ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर चालते. जुन्या हिरव्या प्रकाशातील सतरा वर्षांच्या नोंदी आणि नव्या अतिनील नोंदी यांचा मेळ घालावयाचा, तर दोन्ही काळांत त्याच जागी उभे असलेले जमिनीवरील यंत्र साक्षीला लागते. उपग्रह येतात आणि जातात, त्यांच्या पिढ्यांमधला सांधा जमिनीवरच जुळतो. युरोपने २००० सालीच आपल्या लिडारांचे जाळे विणून ठेवले होते, म्हणून २०१० साली आइसलंडच्या ज्वालामुखीने निम्म्या खंडाची विमाने जमिनीवर बसवली तेव्हा राख कोणत्या उंचीवर आहे हे सांगणारे कोणीतरी तेथे हजर होते.

हिमालयात हे जाळे विणावयाचे तर शून्यापासून आरंभ करावा लागत नाही. नैनीताल आहेच. पूर्वेला दार्जिलिंग येथे, सुमारे २२०० मीटरांवर, जगदीशचंद्रांच्या बोस इन्स्टिट्यूटचे केंद्र आहे. लडाखमध्ये हानले येथे, ४५०० मीटरांवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे आणि काजळीची मापने तेथे बऱ्याच वर्षांपासून होत आहेत. रस्ता, वीज, छप्पर आणि माणसांची वस्ती या चारही गोष्टी या ठिकाणी आधीच आहेत. पायथ्याशी मैदानात एखादे केंद्र जोडले की मैदान, मधली रांग आणि पलीकडचे थंड वाळवंट असा छेद पुरा होतो. सह्याद्रीतही याची एक धाकटी जोडी सहज जमण्यासारखी आहे: महाबळेश्वरला सुमारे १३५० मीटरांवर पुण्याच्याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, आणि पाषाण तिच्याहून सुमारे आठशे मीटर खाली. हिमालयात जाणाऱ्या तंत्रज्ञांची तालीम येथे व्हावी. पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातील हे खरे, नैनीतालचेही जातातच. त्या दिवसांत ‘ढग, निरीक्षण नाही’ अशी नोंद करणारा माणूस जागेवर असला पाहिजे, कारण दप्तरात कोरे पान आणि हरवलेले पान यांत फरक असतो.

खरा खर्च यंत्राचा नाही. एखाद्या महानगरातील एका उड्डाणपुलाच्या अंदाजपत्रकात या सगळ्या केंद्रांची यंत्रे बसतील. खर्च आहे तो लेसरचे दिवे वेळेवर बदलणाऱ्या, काचेवरचे बर्फ पुसणाऱ्या, झोत आणि दुर्बीण यांची रेषा दर महिन्याला जुळवणाऱ्या माणसाचा. आणि आपल्या पद्धतीत हा माणूस तीन वर्षांच्या प्रकल्पावर हंगामी असतो. प्रकल्पाची मुदत सरते, तो अन्यत्र नोकरी धरतो, यंत्रावर कापड पडते, आणि पाच वर्षांनी नवीन प्रकल्पात नवीन यंत्र मागवले जाते, कारण जुने चालवणारे कोणी उरलेले नसते. असे कोठे कोठे घडले याची यादी देण्याचे प्रयोजन नाही; ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती पाठ आहे. त्यात भर म्हणजे पुण्याची संस्था भूविज्ञान मंत्रालयाकडे, नैनीताल, दार्जिलिंग आणि हानले विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे, आणि इस्रोचा एरोसॉल कार्यक्रम अवकाश विभागाकडे. तिघांचीही नियत चांगली आहे. पण तीन खात्यांत वाटलेल्या कामाची रोजकीर्द कोणाच्याच मेजावर पूर्ण होत नाही.

म्हणून एका खात्याकडे, माझ्या मते भूविज्ञान मंत्रालयाकडे, या केंद्रांच्या नोंदींची मुखत्यारी द्यावी. प्रत्येक केंद्रावर दोन तंत्रज्ञांच्या कायम जागा मंजूर कराव्यात. सर्व यंत्रांचे अंशांकन दरवर्षी एकाच रीतीने व्हावे. आणि नोंदी एका वर्षाच्या आत, तपासून, कोणालाही विनाशुल्क खुल्या कराव्यात. खगोल संस्थांना आपल्या आवारात दुसऱ्या खात्याचा शिरकाव रुचणार नाही, हिरवा झोत दुर्बिणींना त्रास देतो ही त्यांची तक्रारही खोटी नाही. वेळा वाटून घेऊन ती मिटवता येते. पुण्यात या विद्येचे जुने घर असल्याने महाराष्ट्राच्या संसद सदस्यांना हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. भूविज्ञान मंत्रालयाच्या मागण्या पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात चर्चेला येतील तेव्हा त्यांच्यापैकी एकाने तरी उठून विचारावे की हिमालयातील लिडारकेंद्रांसाठी कायम पदे किती मंजूर आहेत, त्यांपैकी भरलेली किती, आणि त्यांच्या नोंदी जनतेला कोणत्या तारखेपासून पाहता येतील.